टिफ्रॅक: ‘पहिला’ म्हणजे काय?
कुलाब्याच्या टीआयएफआरमधला टिफ्रॅक ‘भारतातला पहिला संगणक’ असल्याची बातमी अधूनमधून फिरते. ती अर्धवट आहे. १९५६ साली कोलकात्याच्या आयएसआयमध्ये ब्रिटनहून आणलेला हेक-२एम चालू होता. १९६० चा टिफ्रॅक मात्र आर. नरसिंहन यांच्या टीमने इथेच बांधला. मेमरी ४० बिटांचे २०४८ शब्द, म्हणजे जेमतेम १० केबी! ‘तुमचा फोन कितीतरी फास्ट’ म्हणत बातमी संपते. पण खरी गंमत पुढे आहे. टिफ्रॅक व्हॉल्व्हवर चालायचा, तोवर जग ट्रान्झिस्टरकडे वळलं होतं. १९६४ मध्ये टीआयएफआरनेच अमेरिकन सीडीसी ३६०० आणला. मग मेहनत वाया गेली का? मला नाही वाटत. संगणक बांधता येणारी माणसं तयार झाली. आजच्या ‘स्वदेशी चिप’च्या बातमीतही मी आधी तेच शोधतो: ती बनवताना इथे कोण काय शिकलं?