शब्दांवाचून एक उत्तर

आज जिवंत असलेली लक्षावधी माणसे कधीच मरणार नाहीत, अशी ग्वाही ‘मिलियन्स नाऊ लिव्हिंग विल नेव्हर डाय’ हे नाव देते. जोसेफ रदरफोर्ड यांच्या १९२० सालच्या पुस्तिकेचे हे शीर्षक. पुढे ‘यहोवाचे साक्षीदार’ म्हणून ओळखल्या गेलेल्या पंथाचे ते प्रमुख होते. अब्राहामादी कुलपती १९२५ साली पुन्हा पृथ्वीवर येतील, असे भाकीत त्यांनी वर्तविले. ते वर्ष आले आणि गेले.

शिकागोच्या ‘टॉर्टॉइज’ या वाद्यवृंदाने १९९६ साली आपल्या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेला हेच नाव दिले. मात्र तिच्यात गायिलेला एकही शब्द नाही. शब्दांनी दिलेले अभिवचन फोल ठरल्यावर सूरांनी काय करावे, हाच आमच्या मते तिचा खरा विषय आहे.

पहिली रचना ‘जेड’ सुमारे एकवीस मिनिटांची. जेड म्हणजे प्राचीन इजिप्तमधील स्थैर्यदर्शक स्तंभ. जॉन मॅकेंटायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्वनिफितीचे तुकडे जोडून ती सिद्ध केली आहे. बासगिटार व तालवाद्ये यांची एक स्थिर चाल लागते, तिच्यावर स्वर चढत जातात. आणि मध्य ओलांडल्यावर नाद एकाएकी फाटतो, जणू यंत्रच बिघडले! मोडतोडीतून वेगळेच संगीत वर येते. स्तंभ ढळतो, तरी रचना संपत नाही. मरणच नाही असे ती म्हणत नाही. भंगानंतरही पुढे जाता येते, एवढेच ती ऐकविते. भाकितापेक्षा हे बोल नम्र आहेत, आणि म्हणूनच अधिक विश्वासार्ह.

उरलेल्या पाच लहान रचना या उंचीला पोहोचत नाहीत. ‘डिअर ग्रँडमा अँड ग्रँडपा’ हे तर अर्धवट टाचणच वाटते. शेवटची ‘अलाँग द बँक्स ऑफ रिव्हर्स’ मात्र गिटारच्या संथ स्वरांनी मन निववते.

शब्दांवाचून संगीताला अर्थ कसला, असे आपल्यातील पुष्कळांना वाटते. भजनांवर वाढलेल्या कानांचा हा ग्रह स्वाभाविकच. परंतु आनंद शब्दांत मावेनासा झाला की माणूस शब्द सोडून नुसत्या सूरात गातो, हे संत ऑगस्टीन यांनी स्तोत्रांवरील विवेचनात सांगून ठेवले आहे. त्यांच्या त्या गाण्यात ईशस्तुती होती. या ध्वनिमुद्रिकेत तशी प्रार्थना नाही. तरीही न कळणाऱ्या गोष्टीविषयी फुशारकी न मारण्याचा संयम तिच्यात आहे. तेवढ्यासाठी तरी वाचकांनी ती एकदा शांतपणे ऐकावी, असे आम्हांस वाटते.