ठेक्याखालची व्यथा : रशीद ताहा यांच्या ‘या रायह’चे श्रवण

प्रस्तावना

अरबी संगीत आणि पाश्चात्त्य नृत्यसंगीत यांच्या संयोगातून सिद्ध झालेली गीते १९९० च्या दशकात युरोपभर लोकप्रिय झाली. या संगीताविषयी प्रामुख्याने दोन मते आढळतात. परंपरेच्या पुरस्कर्त्यांना ते भेसळ वाटते, तर नृत्यगृहातील श्रोत्याला ते केवळ उत्साहवर्धक वाटते. परस्परविरोधी भासणारी ही दोन्ही मते एकाच गृहीतकावर उभी आहेत : नृत्याच्या ठेक्याखाली शब्दार्थाला स्थान उरत नाही. रशीद ताहा (१९५८-२०१८) यांच्या ‘दीवान’ (१९९८) या संग्रहातील ‘या रायह’ या गीताच्या आधारे हे गृहीतक तपासून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

गीताची पूर्वपीठिका

हे गीत मूळचे ताहा यांचे नव्हे. अल्जीरियन गायक दहमान एल हर्राशी यांनी ते १९७० च्या दशकात रचले. एल हर्राशी १९४९ मध्ये फ्रान्सला गेले आणि तेथील स्थलांतरित कामगारांच्या कॅफेंमध्ये गात राहिले. ‘निघालेल्या प्रवाशा’ अशा अर्थाच्या संबोधनाने सुरू होणारे हे गीत म्हणजे परदेशातील सुखाच्या आशेने घर सोडणाऱ्याला अनुभवी माणसाने दिलेला इशारा होय.

ज्या ‘शाबी’ शैलीत ते बांधलेले आहे, ती अल्जिअर्स शहरातील लोकप्रिय गायनशैली आहे. तिचा पाया अंदालुसी अभिजात परंपरेचा असला, तरी मँडोल, बँजो व पियानो ही वाद्ये तिने निःसंकोचपणे आपलीशी केली. म्हणजेच, ज्या ‘शुद्ध’ मूळरूपाच्या नावाने ताहा यांना दोष दिला जातो, ते मूळरूपच संकरातून घडलेले आहे. भेसळीचा आक्षेप येथे टिकत नाही.

ताहा यांचे स्थान

अल्जीरियात जन्मलेले ताहा बालवयातच कुटुंबासमवेत फ्रान्सला आले. तरुणपणी लियाँ येथे दिवसा कारखान्यात काम आणि रात्री क्लबमध्ये अरबी गीते पाश्चात्त्य तबकड्यांशी मिसळून वाजविणे, असा त्यांचा क्रम होता. १९८० च्या दशकातील त्यांच्या वाद्यवृंदाचे ‘कार्त द सेजूर’ हे नाव म्हणजे ‘निवास परवाना’. त्यामुळे ‘या रायह’ निवडताना त्यांनी बापाच्या पिढीचे गीत मुलाच्या पिढीच्या लयीत मांडले, असे म्हणणे युक्त ठरते. बापाला परतण्याची आस होती. मुलाला परतण्यासाठी वेगळा देशच उरलेला नव्हता.

श्रवणाचे स्वरूप

ब्रिटिश गिटारवादक स्टीव्ह हिलेज यांनी ‘दीवान’ची निर्मिती केली. येथे अरबी तंतुवाद्ये आणि तालवाद्ये अग्रभागी असून आधुनिक नृत्यलय त्यांना खालून आधार देते. ताहा यांचा खरखरीत आवाज मात्र या उत्सवी वातावरणात सामील होत नाही. एल हर्राशी यांच्या घोगऱ्या स्वराशी त्याचे नाते उघड आहे. पाय ठेक्याबरोबर पुढे जातात आणि आवाज मागे ओढतो. हा ताण ऐकू येणे, हेच या गीताचे खरे श्रवण होय. अरबी न जाणणाऱ्या श्रोत्यालाही या ओढीची जाणीव होते. तिचे कारण मात्र शब्द समजल्याशिवाय कळत नाही.

मर्यादा

या प्रयोगाची मर्यादाही नोंदविली पाहिजे. एल हर्राशी यांच्या गायनात बोलण्याची, समजावण्याची जी सावकाश ढब आहे, ती नियमित ठेक्यात काहीशी दबते. इशारा हळूहळू घोषासारखा भासू लागतो. २६ सप्टेंबर १९९८ रोजी पॅरिसमधील बेर्सी सभागृहात ताहा, खालेद व फौदेल यांनी एकत्र गायलेल्या कार्यक्रमातही हे गीत होते. त्याच वर्षी जुलैमध्ये फ्रान्सने विश्वचषक जिंकला होता आणि झिनेदिन झिदान या अल्जीरियन वंशाच्या खेळाडूचा देशभर गौरव झाला होता. त्या पार्श्वभूमीवर हे सामूहिक गायन अनेकांना ऐक्याची ग्वाही वाटणे स्वाभाविक होते. परंतु २००२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत स्थलांतरितविरोधी नेते ज्याँ-मारी ल पेन दुसऱ्या फेरीत पोहोचले. एकत्र नाचणे म्हणजे एकमेकांना स्वीकारणे नव्हे, हे त्यातून स्पष्ट झाले.

निष्कर्ष

‘या रायह’च्या नव्या रूपात ठेका अर्थाचा शत्रू ठरत नाही, तो अर्थाला अशा श्रोत्यांपर्यंत नेतो, ज्यांच्यापर्यंत कामगारांच्या कॅफेतील मूळ गीत क्वचितच पोहोचले असते. मात्र दारापर्यंत आलेल्या अर्थाला आत घेणे ही श्रोत्याची जबाबदारी राहते. अशा संगीताचे मूल्यमापन करताना ‘शुद्ध की मिश्र’ या प्रश्नापेक्षा ‘मिश्रणानंतर व्यथा शिल्लक राहिली का’ हा प्रश्न अधिक मूलगामी आहे. ‘या रायह’पुरते त्याचे उत्तर होकारार्थी आहे, कारण ठेका थांबल्यावरही कानात उरते ती निघून गेलेल्या माणसाला घातलेली हाक.