कानउघाडणी की खरडपट्टी?

कठोर बोलण्याला मराठीत शब्दांची वानवा नाही: ताशेरे, झाडाझडती, खरडपट्टी, कानउघाडणी. वृत्तपत्रे हे सारे एकाच अर्थाने वापरतात, आणि आमची तक्रार तेथेच आहे. मंत्र्याने भर बैठकीत अधिकाऱ्यास फैलावर घेतले, तरी मथळा ‘कानउघाडणी’चाच!

खरडपट्टीत ‘खरडणे’ आहे. भांड्याच्या तळाशी लागलेले खरडावे, तसे माणसाला खरडायचे; त्याने काही समजून घ्यावे ही अपेक्षा त्या शब्दात नाही. कानउघाडणीत मात्र कान आहे, आणि तो उघडायचा आहे. प्रभूने ‘इप्फाथा’ म्हणून बहिऱ्याचे कान उघडले, तेव्हा आधी त्याला गर्दीतून बाजूला नेले, असे मार्क सांगतो (7:33). स्नानसंस्कारात त्याच शब्दाच्या स्मरणाने धर्मगुरू बालकाच्या कानांना स्पर्श करतो. कान पिळत नाही. नाथान संदेष्ट्यानेही दावीद राजाला त्याचे पाप दाखविले ते एका मेंढीची गोष्ट सांगून. शास्त्री-परुश्यांना प्रभूने चारचौघांत सुनावले, हे आम्ही विसरत नाही. पण ते मोशेच्या आसनावर बसलेले होते.

आमच्याकडूनही हा भेद सुटला आहे. एकदा प्रवचनात, नाव न घेता पण सर्वांना कळेल अशा रीतीने, आम्ही एका घराविषयी बोललो. मिस्सानंतर कित्येकांनी ‘फादर, छान कानउघाडणी केलीत’ म्हणून हात मिळविला. त्या घरची माणसे बसत ते बाक पुढचे तीन रविवार रिकामे होते.