समतापी वक्र: अवस्थांचा की प्रक्रियेचा?

पदार्थविज्ञानाच्या पाठ्यग्रंथांत आदर्श वायूच्या समतापी प्रक्रियेचे प्रकरण बहुधा एकाच क्रमाने मांडलेले असते: प्रथम बॉइलचा नियम, मग दाब व आकारमान यांच्या अक्षांवर काढलेला आयताकार अपास्त, आणि लगोलग त्या वक्राखालील क्षेत्रफळावरून मिळणारे कार्याचे सूत्र. ही मांडणी सुटसुटीत आहे ह्यात शंका नाही. तथापि तीत दोन भिन्न कल्पना एकाच रेषेत मिसळून गेल्या आहेत.

इतिहास पाहिला असता हा भेद स्पष्ट होतो. रॉबर्ट बॉइलने 1662 साली प्रसिद्ध केलेले फलित म्हणजे आकड्यांचे कोष्टक होय. वाकड्या काचनळीच्या बंद शाखेतील हवा 48 भागांवरून 12 भागांवर आली, तेव्हा तिच्यावरील एकूण दाब पाऱ्याच्या 29 1/8 इंचांवरून 117 9/16 इंचांवर गेला. व्यस्त प्रमाणानुसार तो 116 1/2 इंच यावयास हवा होता. ह्या कोष्टकातील प्रत्येक ओळ ही स्थिरावलेल्या हवेची नोंद आहे. एका अवस्थेतून दुसरीत हवा कशी गेली, ह्याविषयी ते मूक आहे. उलट, कार्नोचे 1824 मधील विचार क्लापेरॉनने 1834 साली आलेखरूपाने मांडले, तेव्हा तीच रेषा चक्रातील मार्ग म्हणून अवतरली. पाठ्यग्रंथ पहिल्या अर्थावरून दुसऱ्यावर येतात, पण मधली अट सांगावयास विसरतात.

ही उणीव केवळ शाब्दिक नाही. 300 केल्विन तापमानाच्या संचयाशी संलग्न असलेल्या 1 ग्रॅम-रेणू आदर्श वायूचे आकारमान दुप्पट करावयाचे आहे असे समजू. बाह्य दाब अतिमंद गतीने उतरवीत नेल्यास वायू 1729 जूल कार्य करतो. बाह्य दाब एकदम निम्मा करून तेथेच ठेवल्यास कार्य 1247 जूल भरते. वायू निर्वात पात्रात मोकळा सोडल्यास कार्य शून्य. जूलच्या 1845 मधील प्रयोगाचे तत्त्व हेच. तिन्ही प्रसंगी आरंभबिंदू, अंत्यबिंदू आणि परिसराचे तापमान एकच आहे. आंतरिक ऊर्जा कोठेच बदलत नाही. म्हणून शोषलेली उष्णताही अनुक्रमे 1729, 1247 व शून्य जूल होते. वायूच्या एंट्रॉपीतील वाढ मात्र सर्वत्र 5.76 जूल प्रति केल्विन इतकीच राहते. पहिल्या प्रसंगी परिसराची एंट्रॉपी तेवढीच घटते. उरलेल्या दोहोंत एकंदर एंट्रॉपी 1.61 व 5.76 एककांनी वाढते.

अपास्तावरून चालण्याचा अधिकार ह्यांपैकी केवळ पहिल्या प्रक्रियेला आहे. इतर दोहोंत मधल्या काळी वायूला सर्वत्र सारखा असा एक दाबच नसतो. आलेखावर दोन बिंदू उरतात, त्यांना जोडणारी रेषा नव्हे. तरीही ‘तापमान स्थिर’ हे शब्द दिसताच विद्यार्थी लघुगणकाचे सूत्र वापरतो. हा दोष त्याच्या बुद्धीचा नसून त्याला दिलेल्या आकृतीचा आहे.

समीकरण निर्दोष आहे. अपुरे आहे ते त्याचे निवेदन. समतापी वक्र प्रथम समतोलावस्थांचा संच म्हणून शिकवावा, आणि व्युत्क्रमी प्रक्रियेची अट घातल्यानंतरच त्याला मार्ग म्हणावे. एवढा क्रम पाळला तर दुसऱ्या नियमाचे प्रकरण विद्यार्थ्याला परके वाटणार नाही. त्याचे बीज पहिल्याच आकृतीत त्याच्या हाती आलेले असेल.