प्रार्थना, उपवास आणि हातचे पाणी
('स्मृतिचित्रे' व 'करुक्कु' यांच्या निमित्ताने)

१

बी. ए.च्या वर्गाला मी गेली काही वर्षे 'स्मृतिचित्रे' शिकवतो आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या या आत्मकथनाविषयी मराठी समीक्षेने जे सांगितले तेच मीही सांगत आलो : निर्मळ विनोद, घरगुती भाषा, विक्षिप्त नवऱ्याबरोबरचा संसार आणि शेवटी दोघांचे ख्रिस्तचरणी एकत्र येणे. गेल्या वर्षी नगर जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती विद्यार्थ्याने तास संपल्यावर विचारले, "सर, टिळक देवळात जायचे तेव्हा त्यांच्या शेजारच्या बाकावर कोण बसायचे? आमचेच लोक ना? मग ते या पुस्तकात मनातले का बोलत नाहीत?" मला नीट उत्तर देता आले नाही. ते राहिलेले उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ख्रिस्ती भक्तीची टिंगल करणे हा माझा हेतू नाही. आम्ही बौद्ध, पण माझ्या आत्याचे घर ख्रिस्ती. आत्याला अक्षर येत नाही. शुभवर्तमान ऐकून ऐकून तिने पाठ केले आहे. दर शुक्रवारी ती उपास धरते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिले नव्हते. मला शाळेत घालावे असा हट्ट वडिलांपाशी तिनेच धरला होता. तिच्या प्रार्थनेला मी खोटी म्हणणार नाही. माझे म्हणणे एवढेच की, प्रार्थना, उपवास, भजन, शास्त्रवाचन या चांगल्या गोष्टी आहेत. पण चांगली गोष्ट जेव्हा अखेरची गोष्ट होऊन बसते, तेव्हा तिच्या आडोशाने जात सुखरूप राहते.

२

साधन आणि साध्य यांतला फरक ख्रिस्ती परंपरेला आपण बाहेरून शिकवण्याची गरज नाही. पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात जॉन कॅसियन या संन्याशाने इजिप्तच्या वाळवंटातल्या तपस्व्यांशी झालेले संवाद लिहून ठेवले. पहिल्याच संवादात अब्बा मोझेस हे ज्येष्ठ तपस्वी शेतकऱ्याचा दाखला देतात. शेतकरी उन्हातान्हात काटेरी झुडपे काढतो, ढेकळे फोडतो. पण ढेकळे फोडण्यासाठी कुणी शेती करीत नाही, पिकासाठी करतो. उपवास, जागरण, शास्त्रपठण ही अवजारे आहेत. देवाचे राज्य हे अंतिम साध्य, आणि तिथवर पोचण्यासाठी धरायचा नेम म्हणजे अंतःकरणाची शुद्धी, म्हणजेच प्रेम. काही कारणाने उपवास मोडावा लागला म्हणून जो संतापला, त्याने उपवासाने मिळवले असते त्याहून अधिक गमावले, असे ते बजावतात.

हे मोलाचे आहे. पण आपल्या देशात एवढ्यावर थांबता येत नाही. 'अंतःकरणाची शुद्धी' हे शब्द आपल्याकडे सोवळ्याच्या फार जवळ जातात. मन शुद्ध आणि बाक वेगळा, असे येथे सहज चालते. म्हणून मला यशया संदेष्टा अधिक जवळचा वाटतो. त्याच्या ग्रंथाचा अठ्ठावन्नावा अध्याय उपवास करणाऱ्यांनाच जाब विचारतो : तुम्ही उपास धरता आणि त्याच दिवशी मजुरांना पिळता. देवाला हवा तो उपास म्हणजे जुलमाची बंधने सोडणे, जू मोडणे, भुकेल्याला आपल्या भाकरीतली भाकर देणे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातही अखेरच्या न्यायाच्या वेळी किती प्रार्थना केल्या असे कुणी विचारीत नाही. भुकेल्याला अन्न दिले का, तहानेल्याला पाणी दिले का, हे विचारले जाते.

पाण्याचा प्रश्न ज्या देशात महाडच्या तळ्यावर विचारावा लागला, त्या देशात ही कसोटी सोपी नाही. येथे पाणी देणे पुरेसे नसते. ते कुणाच्या हातून घेता, हेही सांगावे लागते.

३

या कसोटीवर 'स्मृतिचित्रे' वाचून पाहू. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे त्यांच्याकडे राहायला आल्यावरही सोवळेओवळे, वेगळा स्वयंपाक, वेगळे पाणी यांची त्यांची धडपड चालूच होती. मग एका क्षणी त्यांना उमगले की जाती देवाने केलेल्या नाहीत, माणसाने केल्या आहेत; आणि कुणाच्याही हातचे खायचे त्यांनी ठरवले. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा.

हा क्रम माझ्या मते फार महत्त्वाचा आहे. आमच्या समीक्षकांनी हा भाग एका भाबड्या बाईच्या गमतीजमती म्हणून वाचला. प्रत्यक्षात तो पुस्तकाचा गाभा आहे. जात सुटणे हे लक्ष्मीबाईंच्या बाबतीत धर्मांतराचे फळ नव्हते; ते आधी घडले. देवाशी नाते जोडण्यापूर्वी त्यांनी शेजारच्या माणसाशी नाते जोडले. एवढे मोठे तत्त्व त्यांनी चुलीपाशी बसून ओळखले, आणि हे मी निःसंकोचपणे मान्य करतो.

पण विद्यार्थ्याचा प्रश्न उरतोच. ज्या हातचे पाणी अखेर घेतले गेले, त्या हाताला काय वाटले? अमेरिकन मराठी मिशनचे नगरमधील काम १८३१ पासूनचे. तेथील मंडळ्यांत बहुसंख्य लोक महार-मांग कुटुंबांतून आले; १८७६ नंतरच्या दुष्काळात तर मोठ्या संख्येने आले. मराठी ख्रिस्ती साहित्याचे गाजलेले ग्रंथ मात्र वेगळ्याच घरांतून आले. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' ही १८५७ ची कादंबरी विधवांच्या दुःखाची आहे. ते दुःख खरेच होते. पण ते प्रामुख्याने वरच्या जातींतल्या स्त्रियांचे होते. बाकांवर बसलेला समाज एक आणि ग्रंथांत बोलणारा समाज दुसरा, असा हा प्रकार आहे.

टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणि ओवीत आणले, देवळात कीर्तन उभे केले. आजही 'उपासना संगीत' उघडले की त्यांची गीते भेटतात. परंतु गीते हेच आपले साध्य, असे टिळकांनी स्वतः मानले नव्हते. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या, अशा दोघांनाही त्यात जागा होती. मंडळीच्या यादीतले नाव म्हणजे ख्रिस्ती जीवन नव्हे, हे त्यांना कळले होते. १९१९ मध्ये ते वारले. त्यांच्यामागे गीते राहिली, दरबार उठला. वारसांनी कवीचे साधन जपले आणि साध्य सोडून दिले, असे म्हणावे लागते.

४

हाच दोष बाबासाहेबांनी नेमका हेरला होता. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापूरला ख्रिस्ती बांधवांपुढे बोलताना त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांविषयीचा आपला आदर लपवला नाही. पण दक्षिणेतल्या चर्चमध्ये जात पाळली जाते आणि सामाजिक अन्यायाविरुद्ध ख्रिस्ती समाज समाज म्हणून लढलेला नाही, हेही त्यांनी तोंडावर सांगितले. त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहिलेला, आणि महाराष्ट्र शासनाने १९८९ मध्ये काढलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखनाच्या पाचव्या खंडात आलेला, धर्मांतरितांच्या स्थितीवरील निबंध तर याहून खोल जातो. हिंदू असताना अस्पृश्याला सांगितले गेले की तुझी अवस्था तुझ्या कर्मामुळे; ख्रिस्ती झाल्यावर सांगितले गेले की ती पूर्वजांच्या पापामुळे. दोन्हीकडे त्याला सुटका नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. पश्चात्ताप ही चांगली गोष्ट आहे. पण ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच जन्मभर पश्चात्ताप करायला लावणे, हे साधनाचे साध्य झाल्याचे सर्वांत क्रूर उदाहरण आहे.

बाकांवरच्या समाजाचा तो न ऐकलेला आवाज मला मराठीबाहेर सापडला. बामा यांचे 'करुक्कु' हे तमिळ आत्मकथन १९९२ साली आले. मी ते इंग्रजी अनुवादातून वाचले. बामा परैयर ख्रिस्ती. गरीब दलित मुलांसाठी काम करता येईल या आशेने त्या जोगीण झाल्या. मठात प्रार्थना होती, नेमधर्म होता, गरिबीची शपथ होती. आणि सुखवस्तू जीवनही होते. शाळा श्रीमंतांच्या मुलांच्या होत्या. सात वर्षांनी त्या बाहेर पडल्या. देव दयाळू आहे, क्षमाशील आहे हे आम्हांला शिकवले. तो न्यायी आहे आणि अन्यायाने संतापतो हे कुणी शिकवले नाही, अशी त्यांची तक्रार आहे. मठ त्यांनी सोडला, ख्रिस्त सोडला नाही. अब्बा मोझेस यांनी सांगितलेला फरक या बाईने आपल्या आयुष्यावर तपासून पाहिला.

लक्ष्मीबाई आणि बामा शेजारी ठेवून वाचल्या की चित्र पुरे होते. एक हात पाणी घ्यायला पुढे येतो, दुसरा तो हात किती काळ अडून होता ते सांगतो. 'स्मृतिचित्रे'त विनोद आहे, 'करुक्कु'त करवतीची धार आहे. ताडाच्या झावळीच्या करवती कडेवरूनच ते नाव आले आहे. दोन्हींची भाषा घरातली, पण घरे वेगळी.

हा वाद केवळ वाङ्मयीन नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. मद्रासमधील सूसाई या चर्मकाराच्या प्रकरणात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने विचारले की, धर्मांतरानंतरही त्याच तीव्रतेने हाल चालू असल्याचा पुरेसा पुरावा कुठे आहे? असा पुरावा द्यायचा तर आपल्याच छताखाली जात नांदते, हे आधी कबूल करावे लागते. 'ख्रिस्तात सारे एक' असे गात बसलेल्यांना ते जड जाते.

५

शेवटी आपल्याकडे वळतो, नाहीतर हा लेख शेजाऱ्याच्या घरातली धूळ दाखवणारा ठरेल. मज्झिम निकायात बुद्धाने तराफ्याचा दृष्टान्त दिला आहे. तराफा नदी ओलांडण्यासाठी असतो. पलीकडे पोचल्यावर तो डोक्यावर घेऊन चालायचा नसतो. आमच्या वस्तीत वंदना वेळेवर होते, जयंतीची मिरवणूक दर वर्षी लांबते, विहाराला फरशी बसते. सगळे चांगले आहे. पण आमच्याहून खालची मानलेली जात आमच्या दारात उभी राहिली की तिच्या हातचे पाणी आम्ही घेतो का? माझ्या गावापुरते उत्तर मला माहीत आहे, आणि ते सांगताना मान खाली जाते. मग आत्याच्या शुक्रवारच्या उपासाला हसण्याचा अधिकार आम्हांला कुणी दिला?

त्या विद्यार्थ्याला मी आता एवढेच सांगेन : तुझे लोक 'स्मृतिचित्रे'त पुरते बोलत नाहीत, कारण ते पुस्तक त्यांचे नाही. एका प्रामाणिक बाईने आपल्या बाजूची गोष्ट खरेपणाने सांगितली. दुसरी बाजू तिने सांगावी अशी अपेक्षाच चुकीची आहे. ती तू लिही. तुझ्या आजीच्या प्रार्थनेबद्दल लिही आणि ती प्रार्थना करीत असताना गावातली विहीर कुणाची होती, तेही लिही. लिहून झाले की पहिल्यांदा मला दाखव.