एका ग्रंथांतील उपेक्षित प्रकरण

रेचेल कार्सन या अमेरिकन विदुषीचा ‘सायलेंट स्प्रिंग’ हा ग्रंथ १९६२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यास आतां साठांहून अधिक वर्षें लोटलीं. तथापि त्याचें नांव निघतांच वाचकांस आठवते ती आरंभींची रूपककथाच : पाखरांचा आवाज हरपलेलें एक कल्पित गांव. कथा हृद्य आहे यांत शंका नाहीं. परंतु आमच्या मतें तिनें ग्रंथाचें हित केलें तशी थोडी हानिहि केली. करुणेनें भारावलेला वाचक सोळाव्या प्रकरणापर्यंत पोहोंचतो तेव्हां थकलेला असतो. आणि ग्रंथाचा कणा तर तेथें आहे.

या प्रकरणाचा विषय कीटकांची प्रतिकारशक्ति. पाखरांची कींव सांगणाऱ्यास एकादा निष्ठुर गृहस्थ ‘मला त्यांच्याशीं काय कर्तव्य?’ असें म्हणून वाटेस लावूं शकतो. येथें ती सोय नाहीं. ज्याला केवळ किडी मारावयाच्या आहेत त्यालाच लेखिका विचारते कीं, बाबा रे, तुझें विष उद्यां चालेल काय? डी. डी. टी.चा कीटकनाशक गुण पॉल म्यूलर यांस १९३९ सालीं आढळला व त्याबद्दल त्यांस १९४८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. पण त्याच्या दोन वर्षें आधींच स्वीडनमधील घरमाशा त्या भुकटीस दाद देईनाशा झाल्या होत्या!

माशी विषाला सरावली, असें आपण अफूबाजाच्या चालीवर सहज म्हणून जातों. कार्सनबाईंनीं हा गैरसमज स्वच्छ खोडून काढला आहे. कोणतीहि एक माशी सरावत नाहीं. लाखांत ज्या दोनचार जन्मतःच चिवट असतात त्या तेवढ्या उरतात, आणि पुढली पिढी त्यांची होते. शेतकरी टपोरीं कणसें बियाण्यास राखून ठेवतो. फवारणी करणारा नकळत तेंच करीत असतो, मात्र शत्रूच्या बियाण्याचें.

पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनींहि १९४५ च्या नोबेल व्याख्यानांत एक लहानशी गोष्ट सांगितली होती. घसा दुखणारा एक गृहस्थ अपुरें पेनिसिलिन घेतो. त्याच्या अंगांत ‘शिकून’ तयार झालेले जंतु पत्नीला जडतात, औषध चालत नाहीं, आणि ती दगावते. गोष्टीचा उपदेश असा कीं, घ्याल तर भरपूर घ्या. कार्सनबाईंचा कल उलट : फवाराल तर होईल तितकें कमी. हा विरोध वरवरचा नव्हे. फ्लेमिंग यांच्या डोळ्यांपुढें एक रोगी आहे, बाईंच्या डोळ्यांपुढें सबंध रान. १९५९ सालीं जपानी संशोधकांनीं दाखविलें कीं, आमांशाचे जंतु आणि आंतड्यांतील निरुपद्रवी जंतु हा गुण एकमेकांस देऊं शकतात. तेव्हांपासून रोग्याचें पोटहि एक रानच ठरलें आहे.

ग्रंथाचें न्यून मात्र पुढच्याच, म्हणजे अखेरच्या प्रकरणांत आहे. तेथें बाई दुसरा मार्ग सुचवितात आणि ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ या कीडमारक जंतूची वाखाणणी करतात. सोळाव्या प्रकरणांतील कठोर प्रश्न येथें तितक्या कठोरपणें विचारलेला दिसत नाहीं. त्या जंतूचें विष अंगींच असलेली बीटी कपाशी भारतांत २००२ सालीं आली. २०१७ सालीं विदर्भांत गुलाबी बोंडअळीनें तिचीं बोंडें पोखरलीं. दुसऱ्या मार्गावरहि तोच दरोडेखोर भेटला!

वास्तविक यावर एक तोड होती. बीटीभोंवतीं साध्या कपाशीच्या निदान पांच ओळी लावाव्या असा नियम होता, व त्यासाठीं बिगर-बीटी सरकीची वेगळी पुडी पिशवीबरोबर मिळे. त्या ओळींत सहज मरण्याजोगी अळी जगावी, तिचे पतंग चिवट पतंगांशीं जुळावे, आणि संतति पुन्हा विषास बळी पडणारी निपजावी, हा हेतु. पण स्वतःच्या रानांत मुद्दाम अळी पोसणार कोण? बहुतेकांनीं ती पुडी पेरलीच नाहीं, आणि त्यांस हंसण्याचा अधिकार निदान ताप उतरतांच गोळ्या टाकून देणाऱ्या आम्हां शहरवासीयांस नाहीं. त्याच २०१७ च्या हंगामांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक माणसें दगावलीं.

कीटकांचें ‘मरण्याजोगें असणें’ ही सर्वांच्या सामाईक मालकीची ठेव आहे, हा विचार कार्सनबाईंच्या पानांत सूचित आहे, सांगितलेला नाहीं. मराठी वाचकानें तरी हा ग्रंथ सोळाव्या प्रकरणापासून उघडावा. मुक्या पाखरांचें गांव मागाहून पाहिलें तरी चालेल.