सोनें शोधणाऱ्यांचें वाङ्मय

पायाळू मनुष्याच्या डोळ्यांत अंजन घातलें म्हणजे त्याला भुईंत पुरलेलें धन दिसूं लागतें, ही समजूत आपल्याकडील आजीबाईंनीं पिढ्यान्‌पिढ्या जतन करून ठेविली आहे. ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया राज्यांत असें अंजन आज दुकानांत विकत मिळतें. मात्र त्याचा गुण डोळ्यांस न येतां कानांस येतो. धातुशोधक यंत्र तें हेंच. लांब दांड्याच्या टोकास तारेचें एक वेटोळें असतें. त्यांतून जमिनींत चुंबकीय स्पंदनें सोडलीं जातात. वाटेंत धातूचा तुकडा आढळल्यास त्यांत क्षणमात्र विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, आणि त्या प्रवाहाचा पडसाद यंत्र टिपून शोधकाच्या कानांत सुराच्या रूपानें पोंचवितें. बॅलरॅट, बेंडिगो, डनॉली या गांवांच्या आसमंतांत, जेथें १८५१ सालापासून सोन्याच्या आशेनें साऱ्या जगांतील माणसें लोटलीं, तेथें आज पुष्कळ हौशी माणसें हें वेटोळें जमिनीलगत हलवीत रानांतून फिरत असतात.

या शोधाभोंवतीं एक वाङ्मयहि जमलें आहे, व त्याचाच विचार येथें करावयाचा आहे. सोन्याच्या भावाची चौकशी ज्यांस करावयाची असेल त्यांनीं ती सराफाकडे करावी.

या वाङ्मयाचा सर्वांत लोकप्रिय प्रकार म्हणजे गोळ्याची गोष्ट. ५ फेब्रुवारी १८६९ रोजीं मोलियागुल येथें जॉन डीसन व रिचर्ड ओट्स या दोघां सोबत्यांना झाडाच्या मुळांशीं, जमिनीच्या अगदीं वरच्या थरांत, सोन्याचा प्रचंड गोळा सांपडला. शुद्ध केल्यावर त्याचें वजन सुमारें ७२ किलो भरलें. डनॉली येथील काट्यावर तो मावेना, म्हणून ऐरणीवर फोडून तुकड्या-तुकड्यांनीं तोलावा लागला. ‘वेलकम स्ट्रेंजर’ या नांवानें तो प्रसिद्ध आहे. पुढें १९८० सालीं त्याच मुलुखांत किंगाउअर गांवाजवळ एका गृहस्थास धातुशोधक यंत्राच्या साह्यानें २७ किलोंहून अधिक वजनाचा गोळा हातभरहि खोल न जातां मिळाला. ‘हँड ऑफ फेथ’, म्हणजे श्रद्धेचा हात, असें त्याचें नामकरण झालें, आणि अमेरिकेंतील लास व्हेगास येथील एका जुगारगृहानें तो दहा लाख डॉलरांहून अधिक किंमतीस विकत घेतला. श्रद्धेच्या नांवाचा गोळा द्यूतगृहांत जाऊन बसावा, ही कल्पना एखाद्या कथाकारानें योजिली असती, तर आम्हीं त्यास अतिशयोक्तीचा दोष दिला असता.

या हकीकती खऱ्या आहेत. दोष आहे तो त्यांच्या मांडणींत. कोणत्याहि गोष्टीस आरंभ, मध्य व शेवट हवा. गोळ्याच्या गोष्टींत गरीब मनुष्य हा आरंभ आणि गोळ्याची किंमत हा शेवट. मध्य म्हणून कांहीं नाहींच. डीसन व ओट्स हे त्या भागांत कित्येक वर्षें माती उपशीत होते, ही गोष्ट एका वाक्यांत उरकली जाते. मग वाचकाच्या मनावर ठसा उमटतो तो इतकाच कीं, दैव उदार झालें म्हणजे पुरे. आपल्या मुलांच्या हातीं अशा गोष्टी कौतुकानें देणाऱ्या आईबापांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, लॉटरीच्या तिकिटाचें तत्त्वज्ञान याहून निराळें नसतें.

हा गाळलेला मध्य कोणता, हें त्या रानांत हिंडणारा शोधक उत्तम जाणतो. यंत्र त्याला ‘सोनें’ असें कधींच सांगत नाहीं. ‘धातु’ एवढेंच सांगतें. त्या सुरासरशीं खणावें तों गंजलेला खिळा निघतो, बंदुकीचे शिशाचे छर्रे निघतात, डब्याचा पत्रा निघतो. शिसें आणि सोनें यांचे सूर तर इतके जवळचे कीं खणल्यावांचून निवाडा होत नाहीं. लोहयुक्त दगडमातीहि यंत्रास चकविते. म्हणून जाणता शोधक यंत्र सुरू करण्यापूर्वीं जमीन वाचतो. जुन्या खाणकऱ्यांचे उथळ खड्डे कोठें आहेत, त्यांनीं उपसलेल्या मातीचे ढीग कोणत्या बाजूस पडले आहेत, फुटलेली गारगोटी उतारावर कोठपर्यंत पसरली आहे, हें तो पाहतो. ज्या जागीं पूर्वीं कोणी खपलें, त्याच जागीं कांहीं राहून गेलें असण्याचा संभव अधिक. आपल्या सराफकट्ट्यावरील झारेकरी सोनाराच्या दुकानापुढील धूळ आणि गटारांतील गाळ धुऊन सोन्याचे कण काढतो, त्याचाच हा दूरदेशीचा भाऊबंद होय. दोघांचीहि मिळकत म्हणजे दुसऱ्याच्या हातून निसटलेली वस्तु.

यावरून या वाङ्मयाच्या परीक्षणास एक कसोटी मिळते. सोन्याची जी गोष्ट आपल्या पूर्वीं तेथें राबलेल्यांचें स्मरण ठेविते, जिच्यांत गोळ्याबरोबर खड्डाहि दिसतो, ती खरी.

या कसोटीस हेन्री लॉसन उतरतो. त्याचा जन्मच १८६७ सालीं ग्रेनफेलच्या सुवर्णक्षेत्रांत झाला. ‘द लोडेड डॉग’ या त्याच्या कथेंत तिघे सोबती सोन्याच्या शिरेसाठीं खड्डा खणीत असतात. शीर किती खोल व कोणत्या दिशेला, याचा पत्ता कोणासच नसतो. कथेची गंमत पुढें मासे मारण्याच्या सुरुंगावरून आणि तो तोंडांत धरून धांवणाऱ्या कुत्र्यावरून घडते. सोनें निघतच नाहीं, आणि वाचकास त्याची आठवणहि राहत नाहीं. आठवणींत राहतात तीं माणसें. अनुभवाचा माणूसच इतका हंसूं शकतो.

त्याहून मोठा प्रयत्न हेन्री हँडेल रिचर्डसन हिचा. हें पुरुषी नांव घेऊन लिहिणाऱ्या या विदुषीनें १९१७ ते १९२९ या काळांत तीन भागांत ‘द फॉर्च्युन्स ऑफ रिचर्ड माहोनी’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. बॅलरॅट येथें दुकान मांडणारा डॉक्टर माहोनी खाणीच्या भागभांडवलावर श्रीमंत होतो, ती श्रीमंती गमावतो, आणि अखेर बुद्धिभ्रंश होऊन मरतो. आमच्या मतें या ग्रंथाचें मर्म त्याच्या पहिल्याच प्रसंगांत आहे. तेथें गोळा सांपडत नाहीं. खड्डा ढासळून त्यांत एक मनुष्य जिवंत गाडला जातो. पुढील सर्व वैभवाकडे वाचक या गाडलेल्या मनुष्यावरून पाहतो, आणि म्हणून त्या वैभवास कधीं भुलत नाहीं.

तथापि या थोर लेखिकेचीहि दृष्टि एका ठिकाणीं अडते. सोन्याच्या लोभानें आलेल्यांना ही प्राचीन भूमि जणूं कैदेंत ठेवून सूड घेते, अशी भव्य कल्पना तिनें आरंभींच योजिली आहे. कल्पना सुंदर खरी. परंतु भूमीला राक्षसीचें रूप दिलें म्हणजे त्या भूमीवरील माणसें नजरेआड होतात. मोलियागुल, किंगाउअर, बेंडिगो हा सारा प्रदेश जा जा वुरुंग या मूळ लोकांचा. खाणींनीं उकरून टाकलेल्या आपल्या भूमीला ते उलथीपालथी झालेली भूमि म्हणतात. या दोन शब्दांत आहे तितकी समीक्षा गोळ्यांच्या साऱ्या गोष्टींत मिळून नाहीं. २०१३ सालीं राज्यसरकारनें त्यांच्याशीं करार करून त्यांचा या भूमीशीं असलेला संबंध मान्य केला.

चिनी मजुरांची कथा अशीच विसरली जाते. गोऱ्यांनीं टाकून दिलेली माती पुनः धुऊन हे लोक सोनें काढीत. त्यांस अडविण्यासाठीं व्हिक्टोरियानें १८५५ सालीं बंदरांत उतरणाऱ्या प्रत्येक चिनी मनुष्यावर दहा पौंडांचा कर बसविला. तेव्हां ते शेजारच्या वसाहतींतील रोब बंदरीं उतरून शेंकडों मैल पायीं चालत आले. १८५७ सालीं बकलंड नदीकांठीं त्यांच्यावर हल्ला होऊन त्यांस हुसकून लावण्यांत आलें. टाकलेल्या मातींत चिकाटीनें शोध घेणें हा तेव्हां त्यांचा अपराध ठरला. आज तेंच काम यंत्र घेऊन केलें असतां हौस म्हणून वाखाणलें जातें. गोळ्याच्या गोष्टी लिहिणाऱ्यांनीं निदान एवढा हिशेब तरी चुकता करावयास हवा.

१८५४ सालच्या डिसेंबरांत बॅलरॅटच्या खाणकऱ्यांनीं जाचक परवान्याविरुद्ध यूरेका येथें बंड केलें, आणि त्याचें फळ म्हणून दुसऱ्या वर्षीं ‘मायनर्स राइट’ हा खाणकऱ्याचा हक्क अस्तित्वांत आला. त्याच नांवाचा परवाना आजचा शोधकहि खिशांत बाळगतो. सांपडलेलें सोनें त्या परवान्यानें त्याचें होतें. परंतु खणलेली जागा पूर्ववत् करून जाण्याचें बंधनहि त्याच्यावर असतें. सोन्याविषयीं लिहिणाऱ्यांवर असें बंधन घालणारें सरकार नाहीं. तें काम वाचकांनींच केलें पाहिजे. पुढच्या वेळीं कोणी एखाद्या गोळ्याचें वजन व किंमत सांगूं लागला, तर खड्डा कोणाच्या भूमींत होता, तेथें आधीं कोण खपलें, आणि तो बुजविला कीं नाहीं, एवढें त्यास अवश्य विचारावें.